सहाला सात

कलदारचे सहा, हालीचे सात.
अपूर्णांक मी शाळेत शिकलो नाही,
शिकलो लातुरात, गंजगोलाईत,
बापाच्या पेढीवर, गादीच्या कोपऱ्यात बसून.
कलदारवर राजाचं टक्कल,
हालीवर चार मिनार, मधल्या कमानीत एकच अक्षर.
बार्शीला निघालेलं गिऱ्हाईक सात ठेवायचं, सहा उचलायचं,
परत आलं की उलटं.
मधल्या वटावावर आमचं घर चालायचं.

त्या उन्हाळ्यात गाडी यायची, न यायची.
मीठ आमच्या काट्यावर तोलावं
इतकं कमी झालेलं.
अन् दिवेलागणीला पेढीवर रोज एक देश भरायचा.

“काय नाही आपल्याकडं?”
करोडगिरीचे मुन्शी वाहेदअली बोटं मोजत,
“रेल अपनी, डाक अपनी, खाणीतला कोळसा,
डाक्टरीसुद्धा आपल्याच जबानीत.
विलायतेत याहून इत्ते-इत्तेसे मुल्क हैत, मास्तर,
त्यांना पुसतं का कुणी, पोट कसं भरता?”

भानुदास मास्तर चष्मा पुसत राहायचे.
“आपली जबान म्हंजे कुणाची, मुन्शीजी?
माझी पोरगी घरात चिमणी म्हणते,
मदरशात चिडिया लिहिते,
अन् परीक्षेला बसली की
तिला दोन्ही आठवत नाहीत.”

शिवलिंगप्पा अडत्याला दोघांचाही कंटाळा.
“शेंगा माझ्या. भाव मुंबईत.
तार येती, मी मान हलवतो.
सोतंत्र म्हणा का सामील म्हणा,
मान हलवायचं माझं सुटतंय का, तेवढं सांगा.”

पायरीवर हुसेनबी बांगडीवाली,
मोड घ्यायला आलेली, उठायचं नाव नाही.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
“देश म्हंजे,” ती म्हणाली,
“माझ्या टोपलीत हात घालतो ना, त्यो.”

मुन्शी हसले, मग हसायचे थांबले.
हात त्यांचाच होता,
रोज सकाळी, ठेसनावर.
“पर कवा एक बांगडी फुटली नाही ह्यांच्या हातनं,”
हेही तिनंच सांगितलं.

भाद्रपदात पाच दिवसांत राज्य संपलं.
मास्तरांनी पेढे वाटले. मला दोन मिळाले.
गोड होते, खोटं कशाला बोलू.
त्यानंतर गावात जे झालं
त्यावर पेढीत कुणी बोललं नाही,
बोटं मोजणारं तर कुणी उरलंच नव्हतं.
हुसेनबीची टोपली गोलाईत दिसेना.
मुन्शींच्या घराला कुलूप.
आठवड्यानं कुलूप नाही,
महिन्यानं दार नाही.

त्यांचे सहा कलदार आमच्याकडं राहिलेले.
बापानं सात हाली मोजले, चिंधीत बांधले.
“येतील,” म्हणाला.
मला नाही वाटत त्याला तसं वाटत होतं.

गंमत अशी, की राज्य गेलं अन् नाणं राहिलं.
दहाएक वर्षं चार मिनार बाजारात फिरत होते,
भाजी घेत होते, लग्नात आहेर होत होते.
मग एक दिवस तेही थांबलं.
वटाव गेला, मागोमाग पेढी.
हाली म्हणजे सध्याचं.
हल्ली म्हणतो ना आपण, तेच.

परवा नातवाची दोस्तमंडळी ओट्यावर,
मोबाइलवर अनुशेषाचे आकडे.
वेगळा मराठवाडा, परवडेल का?
एक पाण्यावर आला, एक नोकऱ्यांवर,
एकाला आपली बोली पुण्यात हसण्यावारी नेतात
याचाच राग जास्त.
कुणी म्हणालं, इतकी इतकी राज्यं आहेत की,
आणि मी मान वळवली,
बोटं मोजतंय का ते बघायला.

“आबा, तुम्हाला काय वाटतं?”

म्हटलं, टोपली घेऊन बार्शीला कोण जातंय हल्ली,
तिला विचारा.

पोरं एकमेकांकडं बघून हसली.
माझा हात कनवटीला.
ती गाठ आता दातांनीही सुटत नाही.